किन्हीराजाहून, वसंता आणि यमुनाबाई

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला आलं की मंगरूळपीरच्या हवेला एक कोरडा, खरखरीत वास येतो. दुपारी ऊन चढलं की उभ्या झाडावरच शेंगा तडतडायला लागतात. रस्त्याकडेच्या वावरात मळणीचा हडंबा सुरू झाला की भुशाची, कुटाराची धूळ पार बसस्टँडपर्यंत येते, आणि आमच्या शाळेतल्या अर्ध्या पोरांचं पोट एकाच दिवशी दुखायला लागतं. कुठल्या वावरात कुणाचं पोट दुखतंय हे मला नावानिशी ठाऊक असतं. दसऱ्यानंतरच्या पंधरा दिवसांत या भागात हजेरी घ्यायची असेल तर ती वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहूनच घ्यावी, म्हणून मी कुणाला काही बोलत नाही.

परवा शाळेतून ऑटोनं घरी येत होते. ऑटोवाल्यानं मोबाइल मागच्या स्पीकरला जोडला होता आणि त्यातून कुठल्याशा शहरातली मुलगी बोलत होती. बोलत कसली, धावत होती. एका वाक्यात तीनदा हसली आणि मग सांगितलं, की अमक्या उड्डाणपुलावर भयंकर गर्दी आहे, तेव्हा दोस्तांनो, घरातून जरा लवकर निघा. आमच्यासमोर भर रस्त्यात दोन बकऱ्या बसल्या होत्या. ऑटोवाला हॉर्न देत होता आणि त्या त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हत्या.

मी विचारलं, "काय रे, हा रेडिओ हाय का?"

"हव मॅडम, रेडिओच. मोबाइलवर साऱ्या देशाचं लागते आता."

साऱ्या देशाचं लागतं, आमचंच तेवढं लागत नाही, हे मी मनात म्हटलं. रेडिओ मिस्त्रीची पोर आहे मी. असल्या वेळी मला राग येतो आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही. त्या बिचाऱ्या मुलीचा काय दोष? तिला कुणी सांगितलंय की तिचा आवाज मंगरूळपीरच्या बकऱ्यांपर्यंत जातो म्हणून!

अब्बांचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. युसूफमिस्त्री म्हटलं की रिसोडपासून कारंज्यापर्यंत लोक ओळखतात, अशी निदान अब्बांची समजूत होती. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर पोट फाडून ठेवलेले रेडिओ, फळीवर स्पीकरचे काळे कागद, आणि कायम राळेचा वास. कथलाची तार तापली की तो धूर अब्बांच्या दाढीत जायचा आणि घरी जेवायला बसले तरी निघायचा नाही. आजही कुठे राळ जळाली की माझ्या तोंडाला ज्वारीच्या भाकरीची चव येते. अब्बा गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी बोलायचे, आमच्याशी हिंदी, आणि रेडिओशी शिव्यांच्या भाषेत.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातलं. पण शेजारचं असं कुणी म्हणत नसे. सकाळी शेतीचा सल्ला, दुपारी बायकांसाठी काहीतरी, संध्याकाळी बाजारभाव आणि मग फर्माईश. दोन म्हातारे भांडत भांडत फवारणी कधी करायची ते सांगायचे. ते भांडण इतकं खरं वाटायचं, की अब्बांच्या दुकानात लोक त्यातल्या एकाची बाजू घेऊन खरोखर भांडायचे, आणि फवारणीचं राहूनच जायचं.

फर्माईशीला मात्र सगळे गप्प. गाणं हे निमित्त होतं, नावं ऐकायची असत. निवेदिका एकेक नाव सावकाश, पूर्ण वाचायची, जसं बाईंनी पहिल्या दिवशी वर्गात वाचावं. मंगरूळपीरहून सलीम, शबाना, गुड्डू आणि समस्त परिवार. केनवडहून अमका, तमका, ढमका. पोस्टकार्ड एवढंसं, आणि नावं गावभरची. कुणाचं नाव आधी यावं यावरून मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. माझं अक्षर मुंगीएवढं होतं, त्यामुळे अब्बांच्या दुकानात आलेल्या लोकांची कार्डं मीच लिहायची. एका कार्डावर मी अडतीस नावं बसवली होती. सदतीस माणसं आणि अडतिसावा सर्जा, म्हणजे त्यांचा बैल. केंद्रानं सर्जाचंही नाव वाचलं. पुढचा आठवडाभर बैलाच्या मालकानं त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

मरून गेलेल्या माणसांचीही नावं लोक घालत. "राहू दे नाव आबाचं, त्याले आवडे," म्हणायचे. मीही लिहायची. निवेदिकेला काय ठाऊक कोण जिवंत, कोण मेलेलं! तिच्या तोंडून सगळे सारखेच निघायचे.

यमुनाबाई आमच्या दुकानात पहिल्यांदा आली ती अशाच हंगामात. किन्हीराजाहून शेलूबाजार, तिथे गाडी बदलून मंगरूळ. हातात फडक्यात गुंडाळलेला रेडिओ. उलगडला तर आत सोयाबीनचे फुगलेले दाणे आणि चिखल. अब्बांनी वर पाहिलं.

"काय वो बाई, पेरला होता काय रेडिओ?"

ती हसली नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. मी तेव्हा डी.एड.ला होते, सुट्टीत दुकानात बसायची, म्हणून ते माझ्यासमोरच घडलं. तिचा एकुलता मुलगा वसंता, वीस-एक वर्षांचा, धिप्पाड, पण रेडिओचा वेडा. चार दिवसांपूर्वी त्यांचं सोयाबीन सोंगून वावरात गंजी लागली होती. संध्याकाळी आभाळ आलं. तिनं त्याला ताडपत्री टाकायला सांगितली आणि ती गोठ्याकडे गेली. तो रेडिओला कान लावून धुऱ्यावर बसलेला. त्या दिवशी त्याच्या कार्डाचा नंबर लागेल असं त्याला वाटत होतं. नाव आलं की उठतो, नाव आलं की उठतो, करता करता पाऊस आला. वर्षाचं पीक भिजलं. आणि त्याचं नाव काही आलं नाही.

"मंग मी पायलं अन् माह्या डोक्याचं पाणी झालं," ती म्हणाली. "रेडिओ हिसकला अन् फेकला गंजीत. म्हटलं, चालला जाय इथून, तोंड दाखवू नोको मले. त्यानं आयकलं वो मिस्त्रीभाऊ. इतक्या वर्षांत एकदा आयकलं माह्यं."

तो त्याच संध्याकाळी निघून गेला होता. कुठे, कुणाला माहीत नाही. पोलिसांत नोंद झाली, पण अंगापिंडानं मोठा माणूस आपल्या पायानं गेला, त्याला कोण आणि किती शोधणार? तिला रेडिओ दुरुस्त करून हवा होता, तो आल्यावर त्याला द्यायला. अब्बांनी तीन दिवस खपून तो बोलता केला. तिनं पैसे काढले तर म्हणाले, पोरगं आलं की त्याच्याजवळून घेईन.

कार्ड लिहायची कल्पना कुणाची, हे मला आता नीट आठवत नाही. बहुतेक माझीच असावी, कारण या सगळ्यात जे जे शहाणपणाचं वाटलं ते माझंच होतं. केंद्र निरोप वाचत नसे. फक्त गाव, नावं आणि गाणं. तेव्हा नावांनीच काय सांगायचं ते सांगायचं असं ठरलं. पोरगं जिथे असेल तिथे रेडिओ ऐकल्यावाचून राहायचं नाही. आणि त्याला आपलं नाव आईच्या नावाला चिकटून ऐकू आलं, की कळेल राग गेला म्हणून. मी लिहिलं: किन्हीराजाहून, वसंता आणि यमुनाबाई. बस्स. गाणं कोणतंही चालेल.

"त्याचं नाव पयले लिव," ती म्हणाली. "माह्यं मागून."

आमचं पहिलं कार्ड वाचलं गेलं तेव्हा ती दुकानातच होती. निवेदिकेनं "वसंता" म्हटलं आणि यमुनाबाई पदर सावरून ताठ बसली. जणू तो दारातून आत येणार होता. गाणं वाजलं, संपलं, बातम्या लागल्या. अब्बांनी तिला चहा मागवला. त्यानंतर दर आठवड्याला एक कार्ड. तिला बाजाराला येणं जमलं तर तिच्यासमोर, नाहीतर मी माझ्या मनानं लिहून पेटीत टाकायची. सगळी वाचली जात नसत, पण महिन्यातून एक-दोनदा नंबर लागायचा. माझी डी.एड. झाली, नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. कार्ड सुटलं नाही. यमुनाबाईची मी यमुनामावशी करून टाकली होती.

वसंता गेल्याला तीन हंगाम झाले होते तेव्हा केनवडचा धनराज दुकानात आला. यमुनामावशीच्या माहेरकडून लांबचा भाचा लागायचा. तो सुरतेकडे कामाला जायचा आणि सोंगणीपुरता गावी यायचा. त्या वर्षी हंगाम जोरात होता. दिवसभर ट्रॅक्टरवरून पोती जात होती आणि माणसांच्या भुवया कुटारानं पांढऱ्या झाल्या होत्या. मावशीही दुकानात होती. तोच तिला शोधत तिथवर आला होता.

"मावशे, वसंता दिसला मले," तो म्हणाला. "सुरतेत. आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात हाय. म्या हाक मारली तं वळून पायलं अन् गर्दीत घुसला. पण वसंताच होता. कपाळावरची खोक हाय ना, ते दिसली."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं ते मी उचललं नाही.

"दिवाळी झाली का मी वापस जातो," धनराज म्हणाला. "तू चाल माह्यासंगं. तुले पायलं तं तो थोडीच पळन?"

मावशी हरखली असेल असं मला वाटलं. पण तिनं धनराजला उत्तरच दिलं नाही. ती अब्बांकडे वळली.

"मिस्त्रीभाऊ, सुरतेत लागते काय हो आपलं केंद्र?"

अब्बा एका मामेभावाच्या लग्नाला जळगावला गेले होते तेव्हा हौसेनं ट्रान्झिस्टर घेऊन गेले होते. तिथेच आमच्या केंद्राला धाप लागत होती, दोन शब्द ऐकू येत आणि चार खरखरीत बुडत. सुरत तर जळगावच्या कितीतरी पुढे. हे अब्बांना ठाऊक होतं आणि ही जळगावची गोष्ट शंभरदा ऐकल्यामुळे मलाही ठाऊक होतं. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लागते ना बाई," ते म्हणाले. "हवा साफ असली का बरोब्बर लागते."

मावशीनं मान हलवली. थोडा वेळ ती बाहेरच्या पोत्यांकडे बघत बसली. मग धनराजला म्हणाली, "नाही येत मी. तू जाय."

धनराजनं खूप सांगून पाहिलं. मीही सांगितलं. एवढी लांबची गाडी, परका मुलूख, परकी बोली, तिला भीती वाटली असेल असं आम्ही धरून चाललो. बाई हट्टी आहे हे गावालाही ठाऊक होतं. घरी जाताना मी अब्बांना विचारलं, असं खोटं का सांगितलं? ते म्हणाले, "रहने दे बेटा. सुन रहा है बोलके तो जी रही है बेचारी." मला ते तेव्हा फार मोठ्या मनाचं वाटलं. खोटं बोलणारा माणूस आपला बाप असला की खोटंही शहाणं दिसतं.

पुढच्या वर्षी धनराज सुरतेहून आला तेव्हा म्हणाला, तो कारखाना उठला, तिथली माणसं पांगली. वसंता पुन्हा दिसला नाही.

रेडिओ बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे केंद्रातल्या साहेबलोकांना कळत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी तो कागदावरचा बदल. या दिवसापासून कार्यक्रमाचं स्वरूप असं असं राहील, श्रोत्यांनी नोंद घ्यावी. नोंद कशी घ्यायची तेही सांगायला हवं होतं. पहिल्यांदा त्यांनी नावांची संख्या कमी केली. एका कार्डावरची पहिली पाचच नावं वाचू म्हणाले. गावागावांत हाहाकार झाला, पण आमची दोनच होती, आम्ही तरलो. मग त्यांनी कार्डंच बंद केली आणि फोन सुरू केले.

एव्हाना दुकानात फोन आला होता. रविवारी दुपारी मावशी, अब्बा आणि मी त्या फोनभोवती बसायचो आणि मी नंबर फिरवायची. लाइन सदा गुंतलेली. बोटाला घट्टे पडायची वेळ आली. किती रविवार गेले आणि एकदा चक्क घंटी वाजली. पलीकडे निवेदिका नव्हती. एक नवा, तरुण, भारीच उत्साही आवाज होता.

"नमस्कार! कोण बोलतंय आणि कुठून?"

मी फोन मावशीच्या हातात दिला. ती ओरडली, "मी वसंताची माय!"

"वा, वा! आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बरं काकू, कार्यक्रमात गोंगाट येतोय."

"कमी केला तं गेलं का नाही हे कसं समजन मले?"

तो हसला. दुकानातला रेडिओही हसला. अब्बांनी घाईघाईनं आवाज बारीक केला. मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तो पुन्हा थोडा मोठा केला.

"बोला काकू, वसंतासाठी कोणतं गाणं लावू?"

मावशी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नावापलीकडे काही बोलता येणार होतं. मी तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. बाळा, मी चुकले, घरी ये, असं. ती म्हणाली, "वसंता, सोयाबीनचं झालं ते झालं. ते तं दुसऱ्या वर्षी पिकलं बाप्पा. तू..."

"अरे वा, म्हणजे पीकपाणी छान! तर शेतकरी मित्र वसंतासाठी एक झक्कास गाणं!" आणि ढोलकी वाजायला लागली.

तिनं फोन तसाच कानाला धरून ते सबंध गाणं ऐकलं. एक नाचाचं गाणं होतं, मला अजून त्याची चीड आहे. संपल्यावर तिनं फोन जपून ठेवला आणि अब्बांना विचारलं, "आज हवा साफ हाय ना?"

अब्बा म्हणाले, "एकदम साफ."

त्यानंतर आमचा फोन कधी लागला नाही. पुढे फोनही गेले, मोबाइलवरून संदेश पाठवा म्हणाले. ते फक्त पाठवणाऱ्याचं नाव वाचत, तेही त्याच्या मोबाइल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांसकट. मी "वसंता यमुनाबाई" असं एकच नाव करून पाठवायची. एकदा वाचलं त्यांनी. वसंत यमुनाबाई असं वाचलं. मग संध्याकाळचे तास कमी झाले. ते भांडणारे म्हातारे गेले, एक रिटायर झाला, एक वारला असं कळलं. बाजारभाव गेले. दिवसातला जास्त भाग दूरच्या मोठ्या शहरातून यायला लागला. भाषा मराठीच, पण ती बोलणाऱ्यांनी कधी कुटार अंगावर घेतलेलं नसावं असं वाटायचं. आणि एका हंगामात, ऐन सोंगणीत, आमच्या जुन्या रेडिओवर जिथे ते केंद्र लागायचं तिथे नुसती खरखर लागायला लागली.

तो हंगाम मी विसरणार नाही. दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली. कित्येक वर्षांत तशी लागली नव्हती. म्हातारे बाप्ये, म्हाताऱ्या बाया, कुणी किन्हीराजाहून, कुणी केनवडहून, सोंगणीचा दिवस मोडून, पिशवीत रेडिओ घेऊन. सगळ्यांची एकच तक्रार. आपलं केंद्र लागत नाही, रेडिओ बिघडला. एकालाही वाटलं नाही की केंद्रच गेलं असेल. केंद्र कसं जाईल? जायचं ते माणूस जातं, वस्तू बिघडते. मी फळीवर मोजले, बावीस रेडिओ होते आणि एकातही काही बिघाड नव्हता.

अब्बांनी प्रत्येक उघडला. फुंकर मारून धूळ काढली, काट्याचा दोरा बदलला, सेलच्या जागा घासून चकचकीत केल्या आणि परत देताना सांगितलं, रेडिओ चांगला हाय, केंद्र बंद पडलं. लोकांचा विश्वास बसत नसे. एक म्हातारा म्हणाला, "मिस्त्री, तुले नसन जमत तं तसं सांग, केंद्रावर कायले घालतो?" आणि रेडिओ उचलून दुसऱ्या मिस्त्रीच्या शोधात गेला. वाशीम जिल्ह्यात दुसरा रेडिओ मिस्त्री उरला नव्हता. अब्बांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

मावशीचा रेडिओही आला होता. तिला अब्बांनी सांगितलं, पार्ट यायचा आहे. ठेवून जा.

पार्ट कधी आला नाही. मावशी दर वर्षी सोंगणी आटोपली की यायची, वाळकं घेऊन यायची, पार्टचं विचारायची आणि जायची. अब्बांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग ते दुकानात बसेनासे झाले, मग वारले. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मावशीचा रेडिओ मी घरी आणला आणि अब्बांनी सांगितलं होतं तेच सांगत राहिले. शाळेत पोरांना खरं बोलावं हे शिकवायचं आणि घरी आल्यावर पार्ट यायचा आहे म्हणून सांगायचं.

काल बाजार होता. मावशी आली. आता तिला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, कंडक्टर हात देऊन घेतो असं म्हणाली. पिशवीतून तिनं वाळकं काढली, आणि त्याखालून दोन नवे सेल आणि एक कोरं पोस्टकार्ड.

"पार्टचं राहू दे," म्हणाली. "कार्ड लिवून दे मले. लय दिस झाले, नाव नाही घेतलं त्याचं."

मी पेन घेतलं. सवयीनं लिहिलंसुद्धा, किन्हीराजाहून. पुढचं अक्षर काही केल्या उमटेना. अब्बांना जे जमत होतं ते मला जमलं नाही, एवढंच.

"मावशी," मी म्हटलं, "ते केंद्र आता नाही. नावं वाचत नाही, कार्ड घेत नाही. रेडिओले काही झालं नाही तुह्या. तो चांगलाच होता."

"हव," ती म्हणाली. "मले वाटलंच तसं."

इतक्या शांतपणे म्हणाली, की मला वाटलं झालं, ओझं उतरलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मास्तरणीची जीभ, एक चूक दुरुस्त केली की तिला दुसरीही दिसते.

"अन् ते सुरतेत कधी लागतच नव्हतं मावशी. अब्बानं तुले बरं वाटावं म्हणून सांगतलं होतं. तेवढ्या दूर नव्हता जात त्याचा आवाज."



"कधीच नाही?"

"नाही."

"ते बाई नाव वाचे तवाबी नाही? मी फोनवर बोलली तेबी नाही?"

"नाही मावशी."

"म्हंजे वसंतानं आयकलंच नाही?"

मी मान हलवली. आता ती रडेल, अब्बांना शिव्या घालेल, मी ऐकून घेईन, असं मी ठरवून बसले होते. ती हळूच बोलायला लागली, कार्डाकडे बघत.

"मी तं समजत होती, तो आयकते अन् येत नाही. दर हप्त्याले मी त्याची माफी मांगतो अन् तो आयकून चूप राह्यते. धनराज चाल म्हणे तवा मिस्त्रीभाऊ म्हणे सुरतेत लागते. मंग मले लय राग आला. म्हटलं, मायनं तीन साल नाव घेतलं, यानं सारं आयकलं, तरी उठत नाही हा पोट्टा. तं मायनं काहून जावं त्याच्या दारात? नाही गेली मी. अन् त्यानं आयकलंच नव्हतं. त्याले तं मालूमच नाही मी बोलावून राह्यली म्हणून. त्याच्या कानात तेच असन, तोंड दाखवू नोको."

ज्याला आम्ही बापलेक तिचा आधार समजत होतो, तेच तिला वीस-बावीस वर्षं आतून खात होतं, आणि त्यानंच तिला घरी बसवलं. ती गेली असती तर तो भेटलाच असता असं नाही. पण ती गेली असती. एवढं एक आम्ही तिच्याकडून काढून घेतलं, चहा पाजून, प्रेमानं.

मग ती एकदम सरसावली.

"धनराजले फोन लाव. इचार त्याले ते जागा कोणती होती. मी जातो."

केनवडच्या धनराजला जाऊन तीन वर्षं झाली. मावशी त्याच्या तेरवीला गेली होती, येताना माझ्याकडेच थांबली होती. ती गल्ली, तो कारखाना, वसंता जिथे उभा होता ती जागा, हे त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मावशी वाट बघत होती. तिला आठवायला थोडा वेळ लागला.

"हव," ती म्हणाली. "तो तं गेला नाही काय."